सर, बाय व्हॅल्यू

फ्रेशर्सच्या मुलाखतींना सरांना बसवायचं असेल तर आधी आम्हाला विचारा, असा मेल एचआरनं सगळ्या मॅनेजरांना पाठवून ठेवला आहे. एचआरचंही चुकत नाही. एका उमेदवाराला अर्धा तास मिळतो आणि सरांचा पहिला प्रश्न पाऊण तास चालतो. दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचलेली माणसं आमच्याकडे आहेत, पण ती आता सीनियर झाली आहेत आणि त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत.

पहिला प्रश्न असा: "जावामध्ये मेथडला ऑब्जेक्ट पाठवला, तर तो कसा जातो?"

हे ऐकून उमेदवाराचा चेहरा खुलतो. बाहेर सोफ्यावर बसून घोकलेलं नेमकं समोर आलेलं असतं. तो एका दमात सांगून टाकतो, "सर, इंट, फ्लोट वगैरे पास बाय व्हॅल्यू आणि ऑब्जेक्ट पास बाय रेफरन्स."

सर चष्मा काढून टेबलावर ठेवतात. चष्मा टेबलावर गेला की समजायचं, पुढच्या उमेदवारानं जेवून आलं तरी चालेल.

आमच्या कंपनीत सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची शिस्त आहे. सीईओ हिंजवडीला आला तेव्हा बाविशीतली पोरं त्यालाही नावानं हाका मारत होती. सरांना मात्र सर. त्यांच्या बॅजवर नाव आहे, पण ते गेटवरच्या वॉचमनखेरीज कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. वय पन्नाशीच्या पुढं, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि जिथं कागद म्हणून फक्त टिश्यू पेपर मिळतो अशा ऑफिसात खिशाला दोन पेनं. पेनं दोन का, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याबद्दल पुढं येईलच.

तर चष्मा टेबलावर गेला की ड्रॉवर उघडतो. त्यात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. सर एका चिठ्ठीवर पत्ता लिहितात: फ्लॅट ७, दुसरा मजला, कर्वेनगर. ती आपल्यापुढं ठेवतात. मग दुसरी चिठ्ठी घेऊन तोच पत्ता तिच्यावर उतरवतात, अक्षर न् अक्षर, आणि ती उमेदवाराच्या हातात देतात.

"ही माझी चिठ्ठी, ती तुमची. चिठ्ठ्या किती?"

"दोन, सर."

"घरं किती?"

"एक."

"छान. आता तुम्ही मेथड आहात. त्या पत्त्यावर जा आणि हॉलच्या भिंतींना निळा रंग द्या. दिला? आता मी माझी चिठ्ठी घेऊन घरी गेलो. भिंती कुठल्या रंगाच्या?"

"निळ्या."

"म्हणून तुम्ही म्हणता, बाय रेफरन्स. ठीक. आता तुमच्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडा आणि लिहा, बंगला क्रमांक ३, औंध."

उमेदवार खोडतो, लिहितो.

"सांगा, माझ्या चिठ्ठीवरून निघालो तर मी कुठं पोचेन?"

इथं माणसं गडबडतात. निम्मी तरी सरांना औंधला पाठवतात. सर हळहळल्यासारखे मान हलवतात. "खरा पास बाय रेफरन्स असता तर गेलो असतो हो औंधच्या बंगल्यात. पण माझी चिठ्ठी माझ्याच हातात आहे, तिला तुम्ही बोटही लावलेलं नाही. तुमच्याकडं आली ती तिची नक्कल. जावात मेथडकडं नक्कलच जाते. आकडा असला तर आकड्याची, ऑब्जेक्ट असला तर त्याच्या पत्त्याची. दुसरा रस्ताच ठेवलेला नाही." मग चष्मा पुन्हा नाकावर चढतो आणि एचआरची मुलगी दारातून घड्याळ दाखवते.

एकदा नांदेडहून आलेली एक मुलगी ती चिठ्ठी तशीच पर्समध्ये टाकून गेली. तिची निवड झाली. जॉइनिंगच्या दिवशी ती सकाळी नऊ वाजता कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट ७ शोधत हिंडत होती. तिथं एक पाळणाघर निघालं. सरांचं म्हणणं, चूक तिचीच, कारण ती चिठ्ठी मेथडच्या आतली होती आणि मेथड संपली की तीही संपायला हवी होती.

आता खरं सांगायचं तर सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ज्यांनी जावा घडवली ते जेम्स गॉस्लिंग आणि त्यांचे सहलेखक केन अर्नोल्ड यांच्या पुस्तकात हेच स्पष्ट लिहिलं आहे. पटत नसेल तर स्वॅप लिहून बघा. दोन व्हेरिएबल्स घ्यायची, मेथडला द्यायची आणि आतून त्यांची अदलाबदल करून बाहेर दाखवायची. जावात हे होत नाही. आत कितीही चिठ्ठ्या फिरवा, बाहेरच्या जागच्या हलत नाहीत. सरांचा दोष इतकाच, की बरोबर असणं त्यांना थोडक्यात जमत नाही.

ह्या प्रश्नाचं मूळ सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. टर्बो सीचा निळा पडदा, पाच जणांत एक संगणक आणि सगळ्यांत मिळून नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी', कव्हर सुटलेलं. स्वॅप त्यांनी तिथं पहिल्यांदा लिहिला. आकडे दिले, अदलाबदल झाली नाही. पत्ते दिले, झाली. त्या रात्री होस्टेलवर सर झोपले नाहीत असं ते सांगतात. आमच्या पिढीनं झोप घालवायला दुसरी कारणं शोधली, पण तो विषय वेगळा.

दुसरा घाव कॅम्पस मुलाखतीच्या लेखी परीक्षेचा. त्या काळी एक प्रश्न हमखास यायचा. प्रिंटएफला तीन आर्ग्युमेंट द्यायची: आय, आय प्लस प्लस, प्लस प्लस आय. छापून काय येईल? टर्बो सी आर्ग्युमेंटं उजवीकडून डावीकडं सोडवायचा, म्हणून सगळं हॉस्टेल उलटं मोजायला शिकलं होतं. सरांनी उलटं मोजलं, उत्तर बरोबर आलं, नोकरी लागली. पुढं काही वर्षांनी त्यांच्या हाती सीचं प्रमाण आलं आणि त्यात दिसलं की आर्ग्युमेंटं कुठल्या क्रमानं सोडवायची हे सी ठरवूनच देत नाही, आणि एकाच ओळीत आयला असं दोनदा वाढवणं तर नियमातच बसत नाही. म्हणजे ज्या उत्तरावर नोकरी लागली त्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. जावावर सरांचा जीव जडला तो ह्यामुळं. जावा आर्ग्युमेंटं डावीकडून उजवीकडंच सोडवते, आणि तसं लिहून देते. "लिहून देते," हे शब्द सर ज्या आवाजात उच्चारतात त्या आवाजात इतर लोक सोन्याचा भाव सांगतात.

कॅन्टीनमध्ये सरांच्या टेबलावर बसायचं म्हणजे पोह्यांबरोबर इतिहास खावा लागतो. फोरट्रानचे जुने काही कंपायलर सगळं पत्त्यानं पाठवायचे, आकडेसुद्धा. तीन हा आकडा सबरूटीनला दिला आणि तिनं आत त्यात एक मिळवला, की त्यापुढं त्या प्रोग्राममध्ये जिथं जिथं तीन लिहिलेलं असे तिथं चार निघे. सर हे सांगताना चमचा खाली ठेवतात. "तीन! तीनसारखी गोष्ट बदलली हो!" मग अल्गोल ६०. त्यात आर्ग्युमेंटची किंमत काढून पाठवण्याऐवजी ती अख्खी पदावलीच आत जायची आणि वापरेल तितक्या वेळा नव्यानं सोडवली जायची. 'कॉल बाय नेम'. डेन्मार्कच्या येन्सननं त्यातून एक सुंदर युक्ती काढली: बेरीज करणारी एकच प्रोसिजर, तिला कुठलीही पदावली द्या, ती त्या पदावलीची मालिका बेरजून देणार. ह्यावर सर खूश असतात. पण त्याच अल्गोलमध्ये स्वॅपला आय आणि यादीतला आयवा घटक अशी जोडी दिली तर स्वॅप बिघडतो, कारण पहिल्याच पायरीला आय बदलतो आणि मग आयवा घटक हा दुसराच घटक होऊन बसतो. हे सांगून झाल्यावर सर थोडा वेळ कुणाशी बोलत नाहीत. पोहे गार होतात.

अशा टेबलावर विरोधी पक्षही असतोच. आमच्यातली एक सातारची, तिची सगळी हयात सी प्लस प्लसमध्ये गेली. ती म्हणते, "सर, तुमच्या चिठ्ठ्यांचा खेळ आमच्याकडं नाही. अँपरसँड लावला की आतलं नाव आणि बाहेरचं नाव एकाच गोष्टीचं. स्वॅप तीन ओळींत."

"आणि बाहेरून कॉल करणाऱ्याला कळतं का, की आत अँपरसँड आहे म्हणून?"

ती गप्प. बाहेरून बघितलं तर दोन्ही कॉल सारखेच दिसतात. सर लगेच दुसरा बाण काढतात. सी प्लस प्लसमध्ये बेस क्लासचं आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनला डिराइव्ह्ड ऑब्जेक्ट बाय व्हॅल्यू दिला तर त्याचा बेसएवढाच भाग आत जातो आणि उरलेला कापला जातो. "म्हणून आम्ही कॉन्स्ट रेफरन्स देतो," ती म्हणते. "म्हणजे देता रेफरन्स, आणि वर बजावता की हात लावू नको." "मग काय वाईट आहे त्यात?" ह्या प्रश्नाला सरांकडं उत्तर नाही. माझ्या मते त्यात वाईट काहीच नाही, पण सरांसमोर हे मी बोललेलो नाही.

सी शार्पवाल्याला सर मान देतात. तिथं खरोखर रेफरन्सनं पाठवायचं असेल तर 'रेफ' हा शब्द मेथडच्या व्याख्येत लिहावा लागतोच, वर कॉल करतानाही लिहावा लागतो. काय देतोय ते देणाऱ्याला माहीत असतं. व्हिज्युअल बेसिकवाला आमच्याकडं एकच उरला आहे, निवृत्तीला आलेला. व्हीबी ६ मध्ये काही न लिहिता आर्ग्युमेंट दिलं तर ते बाय रेफरन्स जायचं, डॉट नेट आल्यावर न लिहिता दिलेलं बाय व्हॅल्यू जायला लागलं. तो वादात पडत नाही. "आमचं दोन्ही करून झालंय," एवढंच म्हणून ताक पितो.

मोठा घाव दिला तो पायथनवाल्या पोरानं. सर पायथनवर आधी प्रसन्न होते, कारण मेथडला ऑब्जेक्ट स्वतःही जात असतो ही गोष्ट पायथन लपवत नाही. सेल्फ म्हणून पहिलं आर्ग्युमेंट चक्क लिहावं लागतं. जावात तोच प्रकार धिस ह्या नावानं गुपचूप होतो. पोरानं सेल्फ लिहायचं विसरून मेथड चालवली की पायथन तक्रार करतो: एक आर्ग्युमेंट घेणाऱ्याला दोन दिलीत. पोरगं म्हणतं, मी तर एकच दिलं. सर पाठीमागून म्हणतात, "दुसरा तो स्वतः." ह्यात त्यांना फार आनंद.

तर तो पोरगा एक दिवस मोबाइलवरून वाचत म्हणाला, "सर, तुम्ही जे चिठ्ठ्यांनी दाखवता ना, त्याला वेगळं नाव आहे. कॉल बाय शेअरिंग. बार्बरा लिस्कोव म्हणून आहेत, एमआयटीच्या. सत्तरच्या दशकात सीएलयू म्हणून भाषा केली त्यांनी, तेव्हाच हे नाव दिलं."

टेबलावर शांतता. सरांना हे माहीत नव्हतं. पन्नाशीच्या माणसाला, ज्यानं एका गोष्टीवर आयुष्य काढलं, तिला आधीच कुणीतरी नाव ठेवून गेलंय हे कळलं तर त्याचं काय होत असेल ते सरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ते प्रिंटआउट घेऊन आले. (कागद कुठून आणला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.) "बाईंचा मान मोठा आहे," ते म्हणाले. "ट्युरिंग पुरस्कार आहे त्यांना, २००८ चा. नाव उत्तम दिलंय. बोलवणारा आणि बोलावलेला, दोघांची एकाच ऑब्जेक्टवर सामाईकी, हे बरोबर टिपलंय. पण शेअर होतो तो ऑब्जेक्ट. चिठ्ठी जाते ती व्हॅल्यूनंच." आणि प्रिंटआउटची घडी घालून त्यांनी ती खिशात, पेनांच्या मागं ठेवली. अजून तिथंच असते.

त्या पोरावरचा राग त्यांनी महिन्याभरात फेडून घेतला. त्याच्या फंक्शनला यादीचं एक आर्ग्युमेंट होतं, आणि कुणी यादी दिली नाही तर रिकामी यादी घ्यायची, असा डीफॉल्ट. पहिल्या कॉलला एक नाव आलं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. पोरगा दुपारपासून डोकं धरून बसला होता. सर मागं जाऊन उभे राहिले. कंपनीचा सगळा मजला ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "ती रिकामी यादी पायथन एकदाच बनवतो, फंक्शन बनतं तेव्हा. नंतर प्रत्येक कॉल तीच वापरतो. तुमचं शेअरिंग बरं का हे." आणि परत आपल्या जागेवर. नन लिही आणि आत यादी बनव, हे त्याला सातारच्या बाईंनी सांगितलं.

आता पेनं.

बऱ्याच वर्षांपूर्वी सर विम्याच्या एका प्रोजेक्टवर होते. पॉलिसीच्या ऑब्जेक्टमध्ये सुरुवातीची तारीख होती, जावाच्या जुन्या डेट क्लासची. नूतनीकरणाचा हिशेब करणाऱ्या मेथडला ती तारीख दिली जायची, आणि ती मेथड लिहिणाऱ्यानं सोयीसाठी त्याच तारखेत एक वर्ष पुढं सरकवलं होतं. डेट बदलता येण्याजोगा. चिठ्ठी नकलेची असली तरी घर तेच. हिशेब बरोबर येत होते, आणि प्रत्येक हिशेबानंतर पॉलिसी एक वर्ष उशिरा सुरू झालेली दिसत होती. टेस्टिंगवाल्या मुलीनं एकाच पॉलिसीचा हिशेब हट्टानं पुन्हा पुन्हा केला म्हणून सापडलं, नाहीतर ती पॉलिसी अजून जन्माला आली नसती. जोशुआ ब्लॉक यांच्या २००१ च्या 'इफेक्टिव्ह जावा'त तारखांच्या उदाहरणावरच हे समजावलं आहे: बाहेरून आलेली बदलती वस्तू आत ठेवायची तर आधी तिची प्रत करा, आणि आतली बाहेर द्यायची तरी प्रतच द्या. सरांनी ते पुस्तक त्या आठवड्यात घेतलं. पुढं २०१४ मध्ये जावा ८ बरोबर न बदलणाऱ्या तारखा आल्या तेव्हा सरांनी मजल्यावर पेढे वाटले. पोरांना वाटलं, मुलगी झाली.

पण पुस्तकातला तो धडा सरांनी कोडपुरता ठेवला नाही. ते कुणालाही मूळ वस्तू देत नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी असताना सभेचं इतिवृत्त कुणाला बघायचं असेल तर झेरॉक्स मिळायची, वही कपाटातच. मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेची मूळ प्रत नक्की कुठं आहे, हे मुलालाही सांगितलेलं नाही. आणि ऑफिसात कुणी पेन मागितलं तर खिशातलं दुसरं पेन मिळतं. पहिलं लिहायचं, दुसरं द्यायचं. दुसरं कुणी टोपण चावून परत केलं तरी सरांना फरक पडत नाही. बघत असाल तर लक्षात येईल, दुसऱ्या पेनाला टोपणच नाही.

पुष्कळांना हा चिक्कूपणा वाटतो. मला वाटत नाही. दिलेली गोष्ट पलीकडं गेल्यावर तिचं काय होणार, ह्याची सरांना खरोखर काळजी असते, आणि ती काळजी कमी असलेल्या माणसांनी लिहिलेलं कोड मी दहा वर्षं दुरुस्त करतो आहे. त्यापेक्षा बिनटोपणाचं पेन परवडलं.

कोड तपासणीत सर कुणाच्या नावानं खडे फोडत नाहीत, फक्त ओळ मोठ्यानं वाचतात. एकदा एका मेथडला अकरा आर्ग्युमेंटं होती. सरांनी सगळ्यांसमोर शेवटची पाच वाचली: "ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू, फॉल्स." थांबले. "तिसरा फॉल्स कशाचा?"

लिहिणाऱ्यानं पडद्याकडं बघितलं, छताकडं बघितलं. "सर, तो आधीपासून होता."

मार्टिन फाउलरच्या १९९९ च्या 'रिफॅक्टरिंग'मध्ये लांबलचक आर्ग्युमेंटांची यादी ही कोडला येणाऱ्या वासांमध्ये मोजली आहे आणि त्यावर उपायही दिला आहे: एकत्र फिरणारी आर्ग्युमेंटं एका ऑब्जेक्टमध्ये बांधून तो ऑब्जेक्ट द्या. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कुणीच नाही. बारावं आर्ग्युमेंट लावणं नेहमीच सोपं असतं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "सर, जास्तीत जास्त किती देता येतात?" चेष्टा सरांना पोचत नाही. "दोनशे पंचावन्न," ते म्हणाले. "जावाच्या मशीनची तेवढीच मर्यादा. मेथड स्टॅटिक नसेल तर धिस एक खातो, म्हणजे दोनशे चोपन्न. लाँग आणि डबल प्रत्येकी दोन धरायचे." पोरं हसली. सर ते हसू संपायची वाट बघत उभे राहिले आणि मग बाराव्या ओळीवर गेले.

त्यांचा जास्त राग आहे तो शेजारी बसलेल्या एकाच जातीच्या आर्ग्युमेंटांवर. पैसे पाठवणाऱ्या मेथडला कुठून आणि कुठं, असे दोन खाते क्रमांक द्यायचे. दोन्ही स्ट्रिंग. उलटे दिले तर कंपायलर हूं की चूं करत नाही, पैसे मुकाट्यानं उलट दिशेला जातात. पायथनमध्ये, कॉटलिनमध्ये, सी शार्पमध्ये कॉल करतानाच नाव लिहिता येतं. स्मॉलटॉकमध्ये तर आर्ग्युमेंटांची जागा सांगणारे तुकडे मेथडच्या नावातच असतात. जावात ती सोय नाही. हे एकच दुःख सर जावाबद्दल जाहीरपणे बोलून दाखवतात.

त्या दुःखालाही घरचा इतिहास आहे. गणपतीत सरांकडं गेलो होतो तेव्हा वहिनींनी सांगितला, आणि सर आरतीचं तबक हातात घेऊन ऐकत उभे होते. वहिनींनी ऑफिस सुटायच्या वेळी फोन केला: "अहो, येताना मेथी, कोथिंबीर, मिरच्या, लिंबं आणा. दोन, एक, पाव, चार." सर लिहून घेत होते. "आणि हो, मेथीनंतर आलं पण." सरांनी मेथीनंतर आलं लिहिलं. आकड्यांचा क्रम तोच. मंडईतून घरी काय आलं? मेथीच्या जुड्या दोन, आल्याचा तुकडा एक, कोथिंबीर पाव किलो आणि मिरच्या चार. मोजून चार. लिंबं नाहीत, कारण लिंबांसाठी आकडाच उरला नव्हता.

"तुम्हाला सांगते, चार मिरच्या पिशवीत सापडेनात मला," वहिनी म्हणाल्या.

"क्रमात मध्येच घालू नये काही," सर म्हणाले. "शेवटी घालावं."

तेव्हापासून त्यांच्या फ्रिजवर यादी असते ती नावासकट: मेथी, जुड्या दोन. मिरच्या, पाव किलो. यादीची एक प्रत फ्रिजवर, एक पिशवीत.

अलीकडं सर थोडे उदास होते. प्रश्न फुटला आहे. वाकडच्या पीजीमध्ये राहणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर तो फिरतो, आणि उमेदवार खुर्चीत बसता बसता म्हणतात, "नमस्कार सर, पास बाय व्हॅल्यू." एक तर घरून चिठ्ठ्या घेऊन आला होता. म्हणून सरांनी नवा प्रश्न काढला: मग स्ट्रिंग मेथडला दिली तर तिच्यात बदल का दिसत नाही? नव्वद टक्के पोरं म्हणतात, स्ट्रिंग स्पेशल असते, ती व्हॅल्यूनं जाते. म्हणजे गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. स्ट्रिंगही चिठ्ठीनंच जाते, फक्त त्या घराच्या भिंतींना रंग लावताच येत नाही. बाहेरून आलेला कितीही रंगारी असला तरी त्याला नवं घर बांधून आपली चिठ्ठी खोडावी लागते, आणि ते बाहेरच्याला दिसत नाही. हा प्रश्न सहा महिने टिकला. मग तोही फुटला.

सरांना आता उभारी आली आहे ती व्हॅलहॅलामुळं. ओपन जेडीकेमध्ये २०१४ पासून ह्या नावाचं काम चालू आहे. जावाला व्हॅल्यू क्लास द्यायचे. ह्या क्लासच्या ऑब्जेक्टला स्वतंत्र ओळख नसेल. आतला मजकूर सारखा असला की दोन ऑब्जेक्ट एकच. ओळखच नाही म्हटल्यावर जावाच्या मशीनला, जमेल तिथं, पत्ता ठेवण्याऐवजी थेट आतला मजकूरच ठेवता येईल. "ठेवता येईल," सर बोट वर करून सांगतात, "ठेवेलच असं लिहून दिलेलं नाही." म्हणजे मुलाखतीत नवा खेळ. चिठ्ठीवर पत्ता लिहायचा नाही. चिठ्ठीवर घरच काढायचं, खोल्या, भिंती, रंगासकट, आणि उमेदवाराला दुसरी चिठ्ठी देऊन त्यावर अख्खं घर उतरवायला लावायचं. मग त्यानं निळा रंग दिला तर माझी भिंत कुठल्या रंगाची?

अर्थात त्या चिठ्ठीत घर मावत नाही. सरांना ए-थ्री कागद हवेत, पन्नास. त्यासाठी त्यांनी अॅडमिनच्या पोर्टलवर मागणी भरायला घेतली. फॉर्मला अकरा रकाने. विभाग, खर्चाचं केंद्र, मॅनेजरचा मंजुरी क्रमांक, मग ओळीनं पाच हो-नाहीचे गोल, नुसते, बाजूला काही लिहिलेलं नाही. सरांनी ते सगळे 'नाही' ठेवले. फॉर्म पुढं जाईना. तेव्हा ते लॅपटॉप उघडाच हातावर धरून तळमजल्यावर अॅडमिनच्या टेबलाशी गेले.

"हा तिसरा 'नाही' कशाचा?"

अॅडमिनचा मुलगा पडद्यावर वाकला. बराच वेळ बघितलं. "सर, तो आधीपासूनच आहे."